पालिकेत नवीन लागलात? मस्टरपासून युनियनपर्यंत काय काय करायचं

जळगाव किंवा धुळे महापालिकेत, नाहीतर भुसावळ, अमळनेर, चोपडा, चाळीसगाव, शिरपूर, नंदुरबार यांपैकी एखाद्या नगरपरिषदेत नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. हातात झाडू असो, घंटागाडीचं स्टेअरिंग असो, पाणीपुरवठ्याची व्हॉल्व्हची चावी असो की जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीतला कॉम्प्युटर, पहिल्या महिन्यात प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो: "युनियनचं मग पाहू, आधी नोकरी सांभाळ." सांगणारा भल्यासाठीच सांगतो. पण पगार थांबल्यावर युनियनचं ऑफिस शोधत येणाऱ्याकडे ना सभासदत्वाची पावती असते, ना हजेरीचा पुरावा. मग पुढारी कितीही तोंडाळ असला तरी भांडणार कशाच्या जोरावर? म्हणून खालची कामं पहिल्या दोन-तीन महिन्यांतच, सगळं सुरळीत असतानाच उरकून घ्या.

आधी हे शोधा: मस्टर कोणाचं?

एकाच रस्त्यावर शेजारी-शेजारी झाडणारे तिघे तीन वेगवेगळ्या मालकांचे असू शकतात. एक आस्थापनेवरचा कायम कामगार, दुसरा पालिकेच्याच मस्टरवरचा (हजेरीपटावरचा) रोजंदारीचा किंवा मानधनावरचा, तिसरा मक्तेदाराचा. मुकादम एकच, हजेरीची वेळ तीच, गणवेशही बहुधा सारखाच. पण पगार, सुट्टी, फंड (भविष्य निर्वाह निधी), कामावरून कमी करण्याची पद्धत, दाद मागायची जागा, सगळं वेगळं.

मुकादमाला विचारून भागत नाही. त्यालाही कधी कधी माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी "तू पालिकेचाच रे भो" म्हणून तो मोकळा होतो. बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या आणि पगार जमा करणाऱ्याचं नाव वाचा. तिथे एखादी एजन्सी, बचत गट, संस्था किंवा कंपनी दिसली तर कागदोपत्री तुम्ही मक्तेदाराचे. पालिकेचं नाव असेल तर आस्थापना विभागात जाऊन नेमणूक आदेशाची प्रत मागा. आदेशावर 'निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात', 'मानधन तत्त्वावर', 'अनुकंपा', 'वारसा हक्काने' यांपैकी काय लिहिलंय ते नीट वाचा. पुढची दहा वर्षं त्याच शब्दांवर वाद होणार असतात.

कायम झालेल्यांनी सेवापुस्तक वर्षातून एकदा डोळ्यांखालून घालायचं. जन्मतारीख, जात प्रवर्ग, रुजू दिनांक, वेतनवाढी आणि दहा-वीस-तीस वर्षांच्या आश्वासित प्रगती योजनेच्या नोंदी पाहायच्या. जन्मतारखेतली चूक निवृत्तीच्या वर्षी दुरुस्त करायला गेलेल्या माणसाचे हाल मी पाहिले आहेत. पहिल्या वर्षी ते काम एका अर्जाचं असतं.

पगाराचा पैसा कुठून येतो

याचा आपल्याशी काय संबंध असं वाटेल, पण युनियनची अर्धी ताकद इथे खर्च होते. पूर्वी महापालिकेच्या हातात जकात होती. ती गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तोही गेला, आणि २०१७ पासून जीएसटीच्या बदल्यात राज्याकडून दरमहा अनुदान येतं. त्याला जोड मालमत्ता कराची, पाणीपट्टीची, गाळेभाड्याची. नगरपरिषदांचा पगार बराचसा राज्याच्या सहायक अनुदानावर चालतो. अनुदान उशिरा आलं की पगार उशिरा, हे सूत्र लेखा विभागात कोणीही सांगेल. जळगावकरांना कर्जाचा अनुभवही आहे. हुडको या केंद्राच्या कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कर्जाचे हप्ते महापालिका कित्येक वर्षं फेडत होती, आणि महापालिकेच्या सतरा मजली इमारतीत कोणतीही मागणी घेऊन गेलं की हुडकोचं नाव पुढे यायचं.

दुसरा आकडा ३५ टक्क्यांचा. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत हवा, अशी शासनाची अट आहे. तो वर गेला की नवी भरती अडते, रिक्त पदं तशीच राहतात आणि त्या जागी मक्तेदाराची माणसं येतात. मक्तेदाराचं बिल आस्थापना खर्चात धरलं जात नाही, ते दुसऱ्या शीर्षाखाली, म्हणजे बजेटच्या दुसऱ्या खात्यात जातं. म्हणजे शहर वाढतं, कचरा वाढतो, कायम कामगार निवृत्त होत जातात आणि कागदावर खर्च आटोक्यात दिसतो. माझ्या मते खान्देशातल्या पालिकांमधल्या निम्म्या तरी भांडणांचं मूळ इथे आहे. "पैसे नाहीत" हे उत्तर मिळालं की "कोणत्या शीर्षात नाहीत?" असं विचारायला शिका.

पगारपत्रक समोर ठेवा आणि पेन घ्या

मक्तेदाराच्या कामगाराचं पगारपत्रक बहुतेकदा नसतंच. मागा. पगाराची स्लिप देणं मालकाला बंधनकारक आहे, आणि मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत झाला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, वेतन संहितेतही हे दोन्ही आहे.

किमान वेतनाच्या यादीत स्थानिक प्राधिकरणाचा, म्हणजे नगरपालिका-महापालिकांचा उद्योग वेगळा आहे. त्यात मूळ दर असतो आणि वर विशेष भत्ता. तो भत्ता वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. त्यामुळे गेल्या वर्षीचाच आकडा या वर्षीही हातात पडत असेल तर समजा की कोणीतरी भत्ता खातंय. चालू दराचं पत्रक सहायक कामगार आयुक्त कार्यालयात मिळतं.

आता फंड. समजा मूळ वेतन आणि भत्ता मिळून १५,००० रुपये होतात. तुमच्या पगारातून १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकानेही तेवढेच घालायचे. त्यातले १,२५० पेन्शनच्या खात्यात जातात, ५५० तुमच्या फंडात. म्हणजे पासबुकात दर महिन्याला तीन आकडे दिसले पाहिजेत: १,८००, ५५० आणि १,२५०. पहिला दिसतो आणि पुढचे दोन दिसत नाहीत, असं असेल तर प्रश्न विचारायचा. तिन्ही नसतील तर कापलेले पैसे भरलेलेच नाहीत. आणखी एक प्रकार चालतो. मालकाचा हिस्सासुद्धा कामगाराच्याच पगारातून कापायचा, म्हणजे १,८०० ऐवजी ३,६००. तो सरळ बेकायदा आहे. यूएएन नंबर (फंडाचा तुमचा कायमचा नंबर) मोबाईलला आणि आधारला जोडून घ्या. मग उमंग ॲपवर पासबुक उघडतं. ॲप चालवता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल.

जिथे ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू आहे तिथे कामगाराचा वाटा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के, पगाराची मर्यादा २१,०००. कापले जात असेल तर कार्ड मागा. दिवाळीला कायम कामगारांना सानुग्रह अनुदान जाहीर होतं, त्याच्या बातम्या येतात. मक्तेदाराच्या कामगारालाही किमान ८.३३ टक्के बोनसचा हक्क आहे, त्याची बातमी येत नाही.

एक गोष्ट ठणकावून सांगतो: एटीएम कार्ड आणि पिन मुकादमाकडे, सुपरवायझरकडे किंवा मक्तेदाराच्या माणसाकडे ठेवायचं नाही. खात्यावर पूर्ण पगार दाखवायचा आणि कार्डाने अर्धा परत काढून घ्यायचा, हा धंदा जुना आहे. तुमच्या खात्यावर पूर्ण रक्कम आली की कागदावर सगळं चोख, मग तुमचं कोण ऐकणार?

पिशवी तयार करा

प्लास्टिकची एक पिशवी करा. तिच्यात नेमणुकीचा कागद, ओळखपत्राची झेरॉक्स, पासबुकाची पानं, मिळतील तेवढी पगारपत्रकं. शिवाय एक साधी वही. तारीख, प्रभाग, मुकादमाचं नाव, किती वाजता हजेरी, किती वाजता सुटी. रोज एक ओळ. हजेरीच्या ठिकाणी मस्टरचा किंवा बायोमेट्रिकच्या स्क्रीनचा फोटो महिन्यातून एक-दोनदा काढता आला तर काढा. घंटागाडीचा नंबर, जीपीएस रूट, वजनकाट्याची पावती, आरोग्य निरीक्षकाने व्हॉट्सॲपवर दिलेली ड्युटी, सगळं जपून ठेवा. कामावर हुकूम पालिकेचा चालतो की मक्तेदाराचा, हे ठरवताना न्यायालय असलेच कागद बघतं.

मूळ कागद कोणाला देऊ नका, युनियनलाही नाही. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा तर मुळीच नाही. मक्ता संपताना "सर्व देणी मिळाली" अशा छापील कागदावर सह्या घेतात. पैसे हातात पडल्याशिवाय सही नको.

युनियन कोणती?

प्रत्येक पालिकेत एकापेक्षा जास्त युनियन असतात. कोणी पक्षाशी बांधलेली, कोणी सफाई कामगारांपुरती, कोणी फक्त कायमवाल्यांची. आंदोलनाच्या वेळी सगळे मिळून कृती समिती करतात आणि नंतर पुन्हा वेगळे होतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण निवडताना चार गोष्टी विचारा. नोंदणी प्रमाणपत्र आहे का? वर्षाचा हिशेब निबंधकाकडे जातो का? निवडणूक शेवटची कधी झाली? आणि कंत्राटी कामगाराला सभासद करून घेता का?

शेवटच्या प्रश्नावर जिथे चाचपडतात तिथे मक्तेदाराच्या कामगाराने थांबू नये. काही जुन्या संघटना कायम कामगारांच्या सातव्या वेतन आयोगाच्या फरकासाठी जिवाचं रान करतात आणि कंत्राटीवाल्यांचा विषय निघाला की 'पाहू' म्हणतात. कारण समजतं. वर्गणी कायमवाल्यांची, कार्यकारिणी त्यांची. पण कायमचे निवृत्त होऊन सभासद संख्या आटतेय, आणि उद्या ज्या युनियनकडे कंत्राटी कामगार नसेल तिचं ऐकायला आयुक्तांनाही वेळ नसेल.

वर्गणीची पावती घ्या, नंबरासकट. "नाव लिहिलंय ना भाऊ वहीत" चालत नाही. युनियनची मान्यता आणि मालकाच्या अनुचित प्रथा यांबद्दलच्या १९७१ च्या राज्य कायद्याखाली मान्यताप्राप्त युनियन होण्यासाठी मागच्या सहा महिन्यांत किमान ३० टक्के सभासद दाखवावे लागतात. केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्याने वाटाघाटी करायच्या तर ५१ टक्के. सभासद असल्याचा तुमच्या हातातला पुरावा म्हणजे पावती.

जवळपास एकही धड युनियन नसेल तर नवी काढता येते. नोंदणीच्या अर्जावर किमान सात सह्या लागतात, आणि त्या आस्थापनेतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत. तरी माझा सल्ला असा की आधी असलेल्या युनियनमध्ये आत शिरून पाहा. नवा फलक लावणं सोपं आहे, सात जणांना सात वर्षं एकत्र ठेवणं अवघड.

निवेदन असं द्या

तोंडी तक्रारीला पालिकेत किंमत नाही. मुकादम, मग स्वच्छता निरीक्षक, मग आरोग्य अधिकारी अशा पायऱ्या चढत बसलात तर सहा महिने सहज जातात. निवेदन थेट आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने करा आणि प्रती आरोग्य विभाग, लेखा विभाग, मक्तेदार आणि सहायक कामगार आयुक्त यांना द्या. मजकूर आटोपशीर ठेवा, साधारण असा:

"आम्ही खाली सही करणारे कामगार प्रभाग क्र. … मध्ये … या मक्तेदारामार्फत दि. … पासून दैनंदिन साफसफाईचे काम करतो. माहे … व … चे वेतन अद्याप मिळालेले नाही. भविष्य निर्वाह निधीची कपात होऊनही खात्यात भरणा दिसत नाही. मक्तेदाराने वेतन न दिल्यास मुख्य मालक म्हणून ते देण्याची जबाबदारी पालिकेची आहे. तरी मक्तेदाराच्या देयकातून रक्कम राखून आमचे थकीत वेतन सात दिवसांत अदा करावे, ही विनंती."

"मुख्य मालक म्हणून" हे शब्द सोडू नका. मक्तेदाराने पैसे दिले नाहीत तर पालिकेने द्यायचे आणि त्याच्या बिलातून वळते करायचे, ही तरतूद जुन्या कंत्राटी कामगार कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. टेबलावरचा बाबू "ठेवून जा" म्हणाला तरी तिथेच उभं राहा.

सात-दहा दिवसांत हालचाल नाही झाली तर माहिती अधिकार. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागायचं काय तर त्या मक्त्याचा करारनामा, कामगारांची यादी, फंडाची चलनं, मक्तेदाराला अदा केलेली देयकं. उत्तर ३० दिवसांत. बऱ्याचदा अर्ज पडल्याबरोबरच पगार होतो, कारण यादीत साठ नावं आणि रस्त्यावर चाळीस माणसं असा प्रकार कोणालाच उघडा पडायला नको असतो.

पुढची पायरी सहायक कामगार आयुक्तांकडे. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो. बाकीच्या मागण्यांवर युनियनने वाद उभा केला की समेटाची (कामगार अधिकाऱ्यासमोर तडजोडीची) बैठक लागते, आणि समेट चालू असताना त्या वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगाराच्या तोट्याच्या करता येत नाहीत. म्हणून गाजावाजा करायच्या आधी समेटात प्रकरण दाखल करणारा पुढारी हुशार समजा.

मक्ता बदलताना

नोकरी जाते ती बहुधा इथे. जुना मक्ता मार्चअखेर किंवा मध्येच कधीतरी संपतो, नवा मक्तेदार येतो आणि म्हणतो, माझी माणसं मी आणीन. त्या दिवशी गेटवर बसून काही होत नाही. निविदा निघण्याच्या आधी युनियनने दोन अटी घालून घ्यायला हव्यात: सध्याचेच कामगार कामावर राहतील, आणि निविदेच्या अंदाजपत्रकात किमान वेतन, फंड, ईएसआय, बोनस, रजेचा पगार स्वतंत्र दाखवला जाईल. अंदाजपत्रकापेक्षा १५-२० टक्के कमी दराने कोणी निविदा भरली आणि ती मंजूर झाली, तर ते पैसे कोणाच्या ताटातून जाणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. विषय स्थायी समितीपुढे असो की प्रशासकापुढे, हरकत लेखी द्या.

कायम होणार का?

सगळ्यांना हेच विचारायचं असतं. २४० दिवस भरले की कायम, असं कट्ट्यावर सांगतात. ते अर्धं खरं आहे. सलग सेवा मोजायला आणि कपातीच्या वेळी भरपाई मागायला २४० दिवसांचं महत्त्व आहे. पण सरकारी-निमसरकारी नोकरीत मंजूर पद आणि रीतसर भरती नसेल तर आपोआप कायम होता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या उमादेवी निकालात सांगितलं. पालिकेचे वकील तो निकाल खिशात घेऊनच फिरतात.

त्याला उत्तरं आहेत. २००९ मध्ये एसटी महामंडळाच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर औद्योगिक न्यायालयाचा कायम करण्याचा अधिकार उमादेवीमुळे जात नाही. २०१६ च्या जगजितसिंग निकालात तात्पुरत्या कामगारालाही समान कामाला समान वेतन मान्य झालं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाझियाबाद महापालिकेच्या माळ्यांना परत कामावर घ्यायला लावून नियमित करण्याचा मार्ग खुला केला. आपल्या जवळचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांसाठी न्यायाधिकरणात लढा दिला, आणि त्यांना कायम ठरवणारा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये कायम ठेवला. त्यात वर्षानुवर्षं गेली, हेही लक्षात असू द्या.

रस्ता कोणता धरायचा हे पुन्हा मस्टरवर ठरतं. पालिकेच्या मस्टरवरचा रोजंदारी कामगार १९७१ च्या कायद्याखाली थेट तक्रार करू शकतो. वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही त्यात अनुचित प्रथा आहे, आणि मुदत ९० दिवसांची. मक्तेदाराच्या कामगाराने तिथे गेलं आणि पालिकेने "हा आमचा कामगारच नाही" म्हटलं की तक्रार बाहेर फेकली जाते. २००१ पासून निकाल तसेच आहेत. त्याने समेट आणि मग न्यायाधिकरण असं जायचं, म्हणजे मक्ताच बनावट आहे हे सिद्ध करता येतं. कलम कोणतं लावायचं ते नव्या संहितांमुळे सध्या कामगार वकिलालाच विचारा.

सफाई कामगारांसाठी दोन शब्द जास्त

मॅनहोलमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगितलं तर नकार द्या. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय ते काम करून घेणं गुन्हा आहे. मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे. मिळालेल्या पैशांनी माणूस परत येत नाही, त्यामुळे आधी नकार.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो. कामाची वेळ पहाटे ओढून अकराच्या आत सुटी, हजेरी शेडवर थंड पाणी, टोपी-गमछा या मागण्या किरकोळ वाटतात. पण नव्या युनियनने पहिली मागणी अशीच घ्यावी, कारण तिला खर्च नाही आणि ती मान्य झाली की लोक जोडले जातात. हातमोजे-गमबूटही वर्षातून एकदा फोटोपुरते नको, झिजले की बदलून हवेत.

कायम सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे नोकरीचा हक्क आहे, शासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचा एकत्रित निर्णय काढला. वारसाचं नाव, नातं, शिक्षण यांची नोंद आणि जातीचा दाखला वडील-आई नोकरीत असतानाच करून घ्या.

संपाचं काय

संप हे शेवटचं हत्यार, आणि पालिकेत ते चालवणं सोपं नाही. नव्या संहितेप्रमाणे १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जातो, त्यामुळे "रजा टाकू, संप नको" ही जुनी युक्ती आता चालत नाही. सफाई आणि पाणी या अत्यावश्यक सेवा असल्यामुळे मेस्माची (अत्यावश्यक सेवेतल्या संपाला बंदी घालणाऱ्या राज्य कायद्याची) टांगती तलवार असतेच, शिवाय काम नाही तर वेतन नाही. कंत्राटी कामगाराला तर नोटीस न देता केलेल्या कामबंदनंतर दुसऱ्या दिवशी नवी माणसं रस्त्यावर दिसतात.

त्याआधी काळ्या फिती, गेट सभा, एका दिवसाचं धरणं, असं चढत जा. गेट सभा सकाळच्या हजेरीला, शेडवरच घ्या, दहा मिनिटांत संपवा आणि तिथल्या तिथे वर्गणीची पावती फाडा. संध्याकाळी बोलावलेल्या सभेला बाया येऊ शकत नाहीत, आणि झाडलोट खात्यात निम्म्याहून जास्त बायाच असतील तर त्यांच्याशिवाय ठरलेला संप दुपारपर्यंतही टिकत नाही.